दहा रुपये प्राप्त झाले

गेल्या नाताळपासून आमच्या चर्चच्या दारात एक डबा बोलतो. किराणा दुकानात, रसवंतीवर, पंक्चरवाल्याच्या टेबलावर असतो तोच. कोड स्कॅन करून पैसे टाकले की आतली बाई खणखणीत आवाजात सांगते, ‘पन्नास रुपये प्राप्त झाले.’ पंच कमिटीत हा विषय निघाला तेव्हा कोणी फारसा विरोध केला नाही. हल्ली रोख रक्कम कोणाच्या खिशात नसते. तरुण पोरं दानाचं ताट समोर आलं की डोळे मिटून प्रार्थनेत जातात आणि ताट पुढे सरकलं की बाहेर येतात. निदान त्यांची सबब तरी जाईल, असा हिशेब होता. डबा मोठ्याने बोलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो उपासनेत नेमका कधी बोलेल, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी पापकबुलीची शांत प्रार्थना चालू होती. माना खाली, खोकलासुद्धा दाबून धरलेला. आणि दारातून घोषणा झाली, ‘दहा रुपये प्राप्त झाले.’ सगळ्या मंडळीच्या पापांचा मिळून भाव एवढाच निघाला की काय, म्हणून पुढच्या बाकावरच्या एक-दोघांनी डोळे उघडून मागे पाहिलं.

त्यात आमच्या गावाचं नेटवर्क. बुलडाणा वसलंय अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. मलकापूरहून येणारी एसटी राजूर घाटात दम खाते, आणि नेटवर्कही बहुधा त्याच गाडीने येतं. दानगीताच्या वेळी टाकलेले पैसे डब्यापर्यंत पोहोचतात ते संदेशाच्या मध्यात. उपवासकाळातल्या एका रविवारी पाळकसाहेब रंगात आले होते. विषय यहूदा इस्कर्योत. “आपल्या गुरूला त्याने धरून दिलं,” पाळकसाहेब आवाज खाली आणून म्हणाले, “आणि बंधुभगिनींनो, त्याच्या हाती काय लागलं?” उत्तर दारातून आलं, ‘तीस रुपये प्राप्त झाले.’ ते तीस रुपये कोणी टाकले होते, हे आजतागायत कळलेलं नाही. आमच्या मंडळीच्या इतिहासातलं खरंखुरं गुप्तदान तेवढं एकच.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने याबद्दल अगदी स्वच्छ सांगून ठेवलंय. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवत जाऊ नका, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका. आमच्या कमिटीतल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. फक्त कर्णा म्हणजे पितळेचा, लांब, तोंडाने फुंकायचा, अशी समजूत असल्यामुळे दरमहा भाड्याने मिळणारा आणि चार्जरवर चालणारा कर्णा कोणी ओळखला नाही.

लोक मात्र डब्याला लवकर सरावले. एका निवृत्त गुरुजींच्या ध्यानात आलं की शंभर रुपये एकदम टाकले तर बाई एकदाच बोलते, पण वीस-वीस करून टाकले तर पाचदा बोलते. तेव्हापासून गुरुजींचं दान हप्त्याहप्त्याने पडतं. डब्यात एकच खोट आहे, तो रक्कम सांगतो, नाव सांगत नाही. त्यामुळे रक्कम जाहीर होताच दात्याला घसा साफ करावा लागतो, किंवा मोबाईल सावकाश, दोनदा बघून खिशात ठेवावा लागतो. लग्नाच्या वाढदिवसाला मी पाचशे रुपये टाकले. डबा गप्प. पुन्हा कान दिला. गप्प. चार्जिंग संपलं होतं. मी खजिनदारांना गाठलं.

“भाऊ, आले का?”

“काय?”

“काही नाही. सहज विचारलं.”

“पैसे टाकले का तुम्ही?”

“टाकले म्हणजे... टाकले असतील कोणीतरी.”

“टाकले असतील तर देवाले दिसले असतील,” खजिनदार म्हणाले. “तुम्ही कायले जीव काढता?”

खजिनदारांना अध्यात्मातलं फार कळतं असं नाही. पण त्या दिवशी ते पाळकसाहेबांपेक्षा चांगलं बोलले, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला.

डबा येण्यापूर्वी सगळं निर्मळ होतं असंही नाही. आधी आमच्याकडे मखमलीची थैली फिरायची. थैलीत हात घालून काय टाकलं ते हाताला आणि देवाला माहीत. कमिटीने थैली बंद करून पितळी ताट आणलं, आणि त्याच रविवारपासून दान वाढलं. थैलीत नाणी वाजायची, ताटात नोटा दिसतात. ताटात दहाची नोट टाकणारा माणूस ती चौघडी घालून, दुसऱ्याच्या शंभराच्या नोटेखाली हळूच सरकवतो. शंभराची टाकणारा मात्र ती इस्त्री करून आणल्याप्रमाणे अशी पसरतो की गांधीजी थेट मंडळीकडे पाहतात. येशू मंदिरात दानकोशासमोर बसून कोण काय टाकतं ते बघत होता, आणि त्याला त्यात एका विधवेच्या दोन दमड्या दिसल्या. आमचे सेक्रेटरीही ताटासमोरच बसतात. त्यांनाही दमड्या दिसतात. वर्गणीची यादी नोटीस बोर्डावर लागते तेव्हा त्या लाल शाईत असतात.

शिवाय खुर्च्या. चर्चला प्लास्टिकच्या खुर्च्या भेट देण्याची लाट आली होती, तेव्हा प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर दात्याचं नाव ऑइलपेंटने लिहिलं गेलं. आमच्याही घरून वडिलांच्या स्मरणार्थ दोन दिल्या. पुढे कोणाच्या तरी लग्नाला खुर्च्या नेल्या, परत येताना मोजल्या गेल्या नाहीत, आणि वडिलांच्या स्मरणार्थ असलेली एक खुर्ची मला मोताळ्याच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीवर सापडली. तिच्यावर एक गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. वडिलांनाही तंबाखूची सवय होती. मी काही बोललो नाही, चहा पिऊन निघालो.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढा दिखावा करायला ही मंडळी आहेत तरी किती? बुलडाणा जिल्हा तेरा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५,८६,२५८. त्यात आम्ही ख्रिस्ती म्हणजे चिमूटभर. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात बस्तान बसवलं. अकोला, खामगाव, मलकापूर, बुलडाणा ही त्यांची ठाणी. त्या वेळेपासून आम्ही गावाच्या तोंडी ‘मिशनवाले’. या मिशनचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन न्यूयॉर्कमधल्या एका प्रतिष्ठित चर्चचा पाळक होता. रस्त्यावरचे गरीब इटालियन स्थलांतरित त्याला आपल्या चर्चमध्ये आणायचे होते. बाकांवर बसलेल्या सभ्य लोकांना ते शेजारी नको होते. सिम्प्सनने १८८१ मध्ये राजीनामा दिला आणि पगार नसलेल्या कामाला लागला. त्याच्या पोटी आमची परंपरा. आमच्याकडे मात्र गेल्या वर्षी कमिटी सोडण्याची धमकी दिली गेली ती वार्षिक अहवालात फोटो शेवटच्या पानावर छापला म्हणून.

चिमूटभर असण्याचा त्रास असा की आम्ही सतत कोणाच्या ना कोणाच्या नजरेत असतो. आपली मंडळी पाहते, आणि गावही पाहतं. आठवडी बाजारात भेंडीचा भाव पाडताना मी जरा आवाज चढवला की बाई म्हणते, “मिशनवाले असून असं बोलता का बाप्पा?” झालं. म्हणजे भेंडी महागात घ्यायची आणि वर हसायचं. शेजारचे काका गजानन महाराजांचे भक्त, पलीकडचे चाचा सैलानीला न चुकता जाणारे. तिघेही रस्त्यात भेटलो की आपापला देव दुसऱ्याला कमी त्रास देतो हे दाखवण्याची मूक चढाओढ लागते.

सार्वजनिक प्रार्थना हा तर स्वतंत्र विषय आहे. येशूने सांगितलं, खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर. आमच्या घरांत दार लावलं की घरातले विचारतात, बरं वाटत नाही का? त्यामुळे जमेल तेवढं काम उपासनेतच उरकावं लागतं. आमच्यातले एक वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले की देवाला बातम्या देतात. “हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की आमचा धाकटा पुण्यात एका मोठ्या कंपनीत लागला, पॅकेजही तूच ठरवलंस, बारा लाख, आणि वर कंपनीची गाडी.” देवाला ठाऊक होतं, आता आम्हालाही झालं. दुसऱ्या एक भगिनी प्रार्थनेतून हिशेब चुकते करतात. “जे बंधू मीटिंगला येत नाहीत, पण जेवणाला सर्वांच्या आधी येतात, त्यांना प्रभू, तू क्षमा कर.” डोळे मिटलेले असूनही सगळ्या मंडळीला ते बंधू दिसतात. ‘आमेन’ मात्र त्या बंधूंचंच सर्वांत मोठं असतं. न म्हणावं तर ओळख पटते.

उपासाचं माझं मी सांगतो. उपास करणाऱ्याने तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, म्हणजे लोकांना कळणार नाही, असा येशूचा उपदेश. मी इमानदारीने खोबरेल चोपडून ऑफिसला निघालो. एरवी माझ्या डोक्याला तेलाचा थेंब नसतो. दारातच शिपाई म्हणाला, “साहेब, आज तेल?” मी म्हटलं, “काही नाही रे.” दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला माझा उपास कळलेला होता. निघताना घरी झालेला संवाद वेगळाच.

“उपास आहे ना? मग डबा कशाला भरून घेतला?” सौ. ने विचारलं.

“नाही नेला तर लोक विचारतील.”

“आणि नेला तर?”

“तसाच परत आणीन.”

“आणि रात्री खाणार. म्हणजे तुमचा उपास नाही, शिळं खाणं आहे.”

ख्रिस्ती माणसाची धार्मिकता तपासायला मंडळी, पाळक, कमिटी यांपैकी कोणाचाच उपयोग नसतो. तिथे फक्त बायको चालते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उघडला. माणूस मोठा, कवी मोठा. पण १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांचा राग, विसरभोळेपणा, हाती आलेला पैसा कोणालाही देऊन मोकळं होणं, हे सगळं असं सांगतात की वाचताना हसू आवरत नाही. आणि तरीही त्या माणसाची श्रद्धा अस्सल होती याबद्दल शंका उरत नाही. पंच कमिटीने टिळकांचं चरित्र लिहिलं असतं तर त्यात एकही विनोद नसता आणि आपण त्यातलं अक्षरही खरं मानलं नसतं.

तर मत्तयाच्या सहाव्या अध्यायावर पाळकसाहेबांनी उपवासकाळात लागोपाठ संदेश दिले. फार चांगले दिले. एवढे चांगले की कमिटीला काहीतरी करण्याची उबळ आली. ठरलं : ‘गुप्त सत्कर्म सप्ताह’. आठवडाभर प्रत्येकाने कोणाला न सांगता एक चांगलं काम करायचं. शनिवारपर्यंत चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागला. वर ठळक अक्षरांत ‘गुप्त सत्कर्म सप्ताह’, खाली ‘शुभेच्छुक’ आणि सर्व पंचांचे हात जोडलेले फोटो. येशूचं चित्र डाव्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ. अध्यक्षांचं मधोमध, गॉगलसह. सप्ताहाच्या शेवटी सर्वांत गुप्त सत्कर्म करणाऱ्याचा जाहीर सत्कार होणार होता. गुप्तपणा कसा मोजायचा यावर सभेत बरीच चर्चा झाली आणि शेवटी एक फॉर्म काढण्यात आला.

मी सरकारी दवाखान्यात कोणा बेवारस पेशंटला जेवणाचा डबा नेऊन द्यायचं ठरवलं. हिने खिचडी, कढी, वर लोणचं असा डबा भरून दिला. तो कापडी पिशवीत, पिशवी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, गल्लीबोळातून मी निघालो. वॉर्डाच्या पायऱ्यांवर समोरून आमचे अध्यक्ष. गॉगल नव्हता. त्यांचाही एक हात पाठीमागे. आम्ही दोघे चोरासारखे एकमेकांकडे पाहत राहिलो.

“इकडे कुठे?” त्यांनी विचारलं.

“शुगर चेक करायला. तुम्ही?”

“मी पण. शुगरच.”

“अच्छा. माझी लॅब या बाजूला.”

“माझी त्या बाजूला.”

दवाखान्यात लॅब एकच आहे. कढी माझ्या पिशवीतून वर्तमानपत्रावर उतरायला लागली होती. त्यांच्या पाठीमागून मटणाचा वास येत होता. एवढ्यात आतून हाक आली, “ओ भाऊ! अध्यक्ष! उभे कायले राह्यले? आना इकडे ते डबे!”

आमच्याच मंडळीतली मावशी. शेवटच्या बाकावर बसते, संदेश सुरू झाला की पेंगते, साक्ष द्यायला कधी उभी राहत नाही. ती खाटांच्या मधून असे पाय टाकत होती की वॉर्ड तिच्या बापाचा असावा. माझा डबा तिने उघडला, बोटाने खिचडी चाचपली.

“मिरची कोनं घातली एवढी? हे पेशंट हायेत, पहिलवान नाहीत. अध्यक्ष, मटन तुमी परत न्या. इथं कोनालेच चालत नाही.”

लोणारकडच्या एका म्हातारीचे केस विंचरता विंचरता ती बोलत होती. म्हातारीच्या केसांचा गुंता सुटेना, तर मावशीने मुळाशी एका हाताने केस घट्ट धरले, म्हणजे ओढ टाळूला बसणार नाही, आणि खालून थोडे थोडे सोडवत वर गेली. फणीतले गळलेले केस तिने गोळा करून पदराच्या टोकात बांधले. म्हातारी “माय, माय” करत होती, आणि मावशी तिला “गप बस” म्हणून दटावत होती. आम्ही दोघे भिंतीला टेकून उभे. मला दवाखान्यातला कोणी ओळखीचा दिसतो का, याकडे माझं लक्ष होतं हे कबूल करायला हरकत नाही. अध्यक्षांचंही होतं.

“रोज येता का मावशी?” मी विचारलं.

“रोज कुठे? रैवारी नाही येत. चर्चमधी झोपाले जाते.”

रविवारी फॉर्म जमा झाले. कोणी लिहिलं होतं, ‘गुप्तपणे एका गरिबाला ब्लँकेट दिले (फोटो जोडला आहे).’ कोणी लिहिलं होतं, ‘सांगता येत नाही, पण खूप मोठे काम आहे.’ सेक्रेटरी मावशीपाशी फॉर्म घेऊन गेले. तिने चष्मा नाही म्हणून तो उलटा धरला. “वाचा तुमीच. काय लिवलं हाये?” सेक्रेटरींनी वाचून दाखवलं. मावशीने जरा विचार केला. “नाही बा. या हप्त्यात काईच नाही केलं मी. गुडघे लय दुखत होते.” सेक्रेटरींनी तिच्या नावापुढे ‘निरंक’ लिहिलं. शाल आणि बायबल मिळालं गुरुजींना. त्यांनी नाव गुप्त ठेवण्याची अट घातली होती, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त फोटो टाकण्यात आला.

बाहेरगावी गेल्यावर तरी यातून सुटका होईल म्हटलं तर तीही नाही. शेगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत मी कचोरी घेतली. ख्रिस्ती माणसाने जेवणाआधी उपकार मानायचे असतात. आता कचोरी हे जेवण की फराळ, हा पहिला प्रश्न. गर्दीत डोळे मिटले तर दिखावा, न मिटले तर लाज वाटली असा अर्थ, हा दुसरा. शेवटी मी मिटले. क्षणात बाजूच्या आजी म्हणाल्या, “जय गजानन, माउली!” आणि मला जागा करून दिली. शेगावात डोळे मिटणाऱ्याला कोणी जातधर्म विचारत नाही. माझी प्रार्थना चुकीच्या खात्यावर जमा झाली, पण बसायला मिळालं. डोळे उघडले तोवर हातातली कचोरी निम्मी एका कुत्र्याने उपकार न मानता खाल्ली होती.

तिथल्या गजानन महाराज संस्थानाचे सेवेकरी मी पाहिलेत. पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांना ‘माउली’ म्हणत झाडू मारतात, आणि आपलं नाव सांगत नाहीत. संस्थानचे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेले. एवढा मोठा कारभार सांभाळणारा माणूस संस्थानातलं पाणीसुद्धा पीत नसे, असं सगळा जिल्हा सांगतो. हे मी एकदा आमच्या कमिटीत बोललो. म्हटलं, आपणही मीटिंगचा चहा-पोहे बंद करू. मीटिंगला कोरम भरेना. पोहे पुन्हा सुरू झाले.

आता शेवटी हंगामाच्या सणाचं सांगतो, कारण त्याबद्दल गावात उलटसुलट बोललं जातं. सुगी आली की आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना होते. शेतकरी मंडळी शेतातलं काय काय घेऊन येतात : कापूस, तुरीच्या ओल्या शेंगा, सोयाबीनचं पोतं, ज्वारीची कणसं, डांगर, अंडी. उपासनेनंतर अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. बाजारात दहा रुपयांची मेथीची जुडी इथे दोनशेला जाते. ती मेथी घेणाऱ्याच्या घरी मेथी कोणाला आवडत नाही. पण बोली माइकवरून होते, आणि माइकचा आवाज महिला मंडळाच्या चुलीपर्यंत जातो.

गेल्या खेपेला एक गावरान कोंबडा आला होता. तुरा लालभडक, नजर आमच्या अध्यक्षांची. बोली शंभरापासून सुरू झाली. पाचशेला बाकीचे गळाले आणि दोघे उरले, एक घाटावरचे, एक घाटाखालचे. घाटाखालचे कापसाचे पैसे घेऊन आले होते, घाटावरचे निवृत्तीचे. दोघांच्या बायका समोरासमोर बसलेल्या. हजार झाले. पंधराशे झाले. सेक्रेटरी माइकवर नाचायला लागले. “दोन हजार तीनशे! एक बार! दोन बार!” आणि नेमका त्या वेळी कोंबड्याने पायाची सुतळी तोडली. माइक पाडला, महिला मंडळाच्या पातेल्यावरून उडाला आणि उघड्या खिडकीतून आत जाऊन थेट व्यासपीठावर बसला. पोरं मागे धावली. पाळकसाहेब झगा सावरत धावले. पाचेक मिनिटं सगळी मंडळी आत्म्याने भरल्याप्रमाणे धावत होती.

धूळ खाली बसली तेव्हा प्रश्न निघाला, शेवटची बोली कोणाची? कोंबडा हाती लागण्याची खात्री नव्हती, आणि तेवीसशे रुपये तर खरे होते.

“तुमचीच होती,” घाटावरचे म्हणाले.

“माही कायची? मी दोन हजारावरच थांबलो होतो.”

“मी तर बोललोच नाही.”

“बोलले! आमच्या हिनं ऐकलं!”

“नाही हो. मी बोललो नाही.”

“देवाशप्पथ सांगा!”

“मी बोली लावलीच नाही!” घाटावरचे तिसऱ्यांदा म्हणाले. आणि व्यासपीठावरून कोंबडा आरवला.

पेत्राची गोष्ट आमच्याकडे शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. सगळं अंगण हसायला लागलं. मावशी तर डोळे पुसत होती. घाटावरच्यांचा चेहरा पाहण्यालायक झाला. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, घाटाखालच्यांनीही काढलं, आणि निम्मे-निम्मे भरले. कोंबडा संध्याकाळच्या प्रीतिभोजनात सर्वांना थोडा थोडा मिळाला. रस्सा मावशीने केला होता. तिखट होता.

यंदाच्या सणाची नोटीस या आठवड्यात बोर्डावर लागली आहे. घाटाखालून येणाऱ्या मंडळींनी ती ध्यानात घ्यावी, म्हणून इथे देतो. उपासना सकाळी साडेनऊला. लिलाव उपासनेनंतर. जिवंत कोंबडा-कोंबडी आणू नये. अंडी चालतील. अंडी देणाऱ्यांची नावे शेवटी वाचून दाखवण्यात येतील.